एका सायलेन्सरपायी

माझ्या वीस वर्षं जुन्या मोटरसायकलला काहीही झालं नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं मी माझ्या हातानं ओढवून घेतलं. तिचा सायलेन्सर खालून गंजला होता. त्याला एक पॅच मारून सहज भागलं असतं. पण सेहेचाळिसाव्या वर्षी मला भारदस्त आवाजाची हौस आली. मी कंपनीचा सोडून बाहेरचा, आखूड, मोकळा सायलेन्सर आणून बसवला आणि जुना भंगारवाल्याला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवसापासून गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. थ्रॉटल सोडला की मागून फट्फट् फटाके. बायको रबाळ्याला एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. रोज तिला सोडून मी ऐरोलीला माझ्या ऑफिसात परत येतो. त्या सकाळी आम्ही तीनदा बंद पडलो. मागचे रिक्षावाले हॉर्न देऊन आमचा उद्धार करत होते.

सेक्टरमधल्या मेकॅनिकनं गाडी न उघडताच निदान केलं. "साहेब, सायलेन्सर मोकळा झाला, इंजिन हवा जास्त ओढतंय. पेट्रोल वाढवायला लागेल. कार्बोरेटरमधला जेट मोठा टाका."

"मग टाका ना तुम्ही."

"आता कार्बोरेटर कोण खोलतंय? सगळ्या इंजेक्शनच्या गाड्या, त्यांना कार्बोरेटरच नसतो. तुमीच टाका, सोपं असतं."

जेट म्हणजे पितळेचा इवलासा स्क्रू. मधे सुईच्या टोकाएवढं भोक, त्यातून पेट्रोल जातं. जितका मोठा नंबर, तितकं मोठं भोक. मी ऑनलाइन अख्खा संच मागवला आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. मेन जेट एक नंबर मोठा टाकला. फरक नाही. दोन नंबर मोठा टाकला. तरी नाही. मग आतली सुई वर उचलली, हवेचा स्क्रू फिरवला, पुन्हा जेट बदलला. हाताला चोवीस तास पेट्रोलचा वास. एक जेट बोटांतून निसटून गटाराच्या जाळीत गेला. दोरीला चुंबक बांधून तो काढायचा मी अर्धा तास प्रयत्न केला. पितळ चुंबकाला चिकटत नाही हे त्यानंतर आठवलं.

असे तीन रविवार गेले. गाडी पेट्रोल पिऊ लागली, प्लग काजळीनं काळा झाला आणि सिग्नलला बंद पडणं काही थांबलं नाही. एका सकाळी पुलाखालच्या सिग्नलला मी किक मारतोय, मारतोय, आणि बायको शांतपणे उतरली. शेजारच्या रिक्षात बसली आणि निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

संध्याकाळी तिनं चहा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "तो मोठा जेट कामाला कधी येतो?"

"पूर्ण थ्रॉटल दिला की."

"आणि ठाणे-बेलापूर रोडला सकाळी नऊ वाजता तू पूर्ण थ्रॉटल कधी देतोस?"

मी कप उचलला.

"मग सिग्नलला उभं असताना पेट्रोल कुठून जातं?"

"त्याला वेगळा छोटा जेट असतो. पायलट जेट."

"तो बदललास?"

नव्हता बदलला. तीन आठवड्यांत त्याला हातही लावला नव्हता. मला इतका संताप आला, की कप तसाच ठेवून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती मागून आली. "आमच्या लॅबमध्ये कुणी एका वेळी तीन गोष्टी बदलल्या ना, तर त्याची सगळी बॅच फेकून देतात. आधी सगळं होतं तसं कर. मग एकेक."

पुढच्या रविवारी रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर ती वही घेऊन फुटपाथवर बसली. मी जेट, सुई, स्क्रू सगळं मूळ जागी आणलं होतं, फक्त पायलट जेट एक नंबर मोठा टाकला होता. गाडी सुरू केली. उभ्या गाडीचं इंजिन एका लयीत चालत राहिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बंद पडेना. मग मेन जेट एकच नंबर वाढवला, रस्त्याच्या टोकापर्यंत जोरात जाऊन आलो आणि प्लग काढला. बोट भाजलं. प्लगचं टोक दुधाच्या चहासारखं तपकिरी, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण बरोबर. तिनं ते निरखून पाहिलं आणि वहीत लिहिलं. चाळीस मिनिटांत काम संपलं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र वाया गेलेले तीन रविवार आठवून पुन्हा चीड आली.

सोमवारी तिला मागे बसायला मीच गळ घातली. पुलाखालचा सिग्नल नेमका लाल लागला. गाडी सुरूच राहिली. उतारावर थ्रॉटल सोडला तेव्हा एकच फट् आवाज आला. कारखान्याच्या गेटवर उतरून तिनं ओढणी सारखी केली, घड्याळ पाहिलं.

"संध्याकाळी साडेपाचला ये," म्हणाली आणि आत गेली.