दोन बाटल्या, एक डबा

नागपूरची गाडी पुण्यात शिरली तेव्हा उजाडले होते. फलाटावर चहावाल्यांचा ओरडा होता आणि हवेत थोडा गारठा. माझ्याकडे दोन दिवस होते आणि एका औषधाच्या चाचणीवर लेख लिहायचा होता. बेडकीचा पाला नावाच्या वेलाचा (औषधाच्या दुकानात याला गुडमार म्हणतात) अर्क मधुमेहावर उपयोगी पडतो का, हे सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात माणसांवर तपासले जात होते. मला ते फोनवर कळले होते वत्सलाकाकूंकडून. काकू मूळच्या हिंगणघाटच्या, माझ्या आईच्या मैत्रीण. लग्न करून खडकीला आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्या आणि त्यांचे यजमान मनोहरकाका, दोघांनाही मधुमेह, आणि दोघेही या चाचणीत होते. माझा मुक्काम त्यांच्याकडेच होता.

रिक्षावाल्याने एका बोळाच्या तोंडाशी उतरवले. दवाखाना दिसेना. वह्या-पुस्तकांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदारांनी चष्म्याच्या वरून पाहिले.

"वाचता येतं का?"

"येतं."

"मग मागे वळा आणि वाचा."

पाटी समोरच्याच भिंतीवर होती. आत प्रतीक्षेच्या खोलीत दुसरी पाटी होती: ‘आपापली साखर आपल्यापाशी ठेवावी. शेजाऱ्याशी तुलना करू नये.’

डॉक्टर अनघा पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी आधी मला गॅलरीत नेले. तिथे कुंडीत तोच वेल होता, साधासा, कठड्यावर चढलेला. त्याचे एक पान त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि चावायला सांगितले. पान कडवट होते. मग चिमूटभर साखर दिली. ती जिभेवर वाळूसारखी फिरली. गोडीचा मागमूस नव्हता.

"जीभ फसते, हे पक्कं आहे," त्या म्हणाल्या. "रक्तातली साखर उतरते का, तो वेगळा प्रश्न. आधी काचेच्या नळीत पाहिलं, मग उंदरांत. नळीत पुष्कळ पाले पहिले येतात हो. माणसात आले की नापास."

चाचणीची रीत त्यांनी समजावली. सगळ्यांच्या नेहमीच्या गोळ्या चालू राहतात. वर प्रत्येकाला कॅप्सूलची एक बाटली मिळते. काहींच्या कॅप्सूलमध्ये अर्क, काहींच्या कॅप्सूलमध्ये नुसती निरुपद्रवी पूड. रंग, आकार सारखाच. कुणाला काय मिळाले ते रुग्णाला माहीत नसते, डॉक्टरांनाही नसते.

"तुम्हालाही नाही?"

"मला तर अजिबात नको. मला कळलं तर मला हवं तेच दिसायला लागेल."

बाहेर पडल्यावर उसाचा रस घेतला आणि रसवाल्याला सांगितले की रस बेचव आहे. त्याने स्वतःचा पेला भरून पिऊन पाहिला. "ताई, ऊसच आहे. काकडी नाही पिळली मी." पानाचा अंमल उतरला नव्हता, हे लक्षात आल्यावर मी माफी मागितली. पैसे घेताना तो काळजीने म्हणाला, "डॉक्टरला दाखवा."

शिवाजीनगरहून लोकल पकडली. पुढचेच स्टेशन खडकी. तिथे शहराचा आवाज एकदम खाली येतो. लांब भिंती, सरळ रस्ते, जुनी मोठी झाडे. काका दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जवळच दोन खोल्यांचे घर घेतले. दारात काकू उभ्याच होत्या.

"आली का वं माय! काऊन इतका उशीर?" खडकीत एवढा काळ काढूनही त्यांची बोली हिंगणघाटचीच होती. काका मात्र पुण्याचे बोलतात. "उशीर नाही झाला तिला. तूच दुपारपासून दारात आहेस," ते आतून म्हणाले.

संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) होता. बोलता बोलता काकूंची खरी भीती बाहेर आली. गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नव्हती. डॉक्टर इन्शुलिनचे सुचवत होत्या. चाचणी संपेपर्यंत थांबून पाहू, असे ठरले होते आणि शेवटची तपासणी दुसऱ्याच दिवशी होती. काकूंच्या थोरल्या बहिणीचा पाय मधुमेहात कापावा लागला होता. "तिले सुई लावली अन् महिन्याभरात पाय गेला. मले सुई नाही पाहिजे, बाई. हे औषध मले तारंन."

जेवण झाल्यावर त्यांनी फळीवरून एक स्टीलचा डबा काढला. त्यातून दोन कॅप्सूल काकांच्या हातावर ठेवल्या, दोन स्वतः घेतल्या.

"या कुणाच्या?" मी विचारले.

"दोघाइच्या."

"बाटल्या वेगळ्या होत्या ना?"

"होत्या. आणल्या त्याच दिवशी एका डब्यात ओतल्या." काकू सहज म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई म्हने, एखाद्याले खरं भेटंन, एखाद्याले पोकळ. एका घरात असं चालते का? यायले खरं अन् मले पोकळ, नाही तं मले खरं अन् यायले पोकळ. त्यापेक्षा मिसळून टाकलं. निम्मं निम्मं तरी भेटंन."

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी शक्य तितक्या सरळपणे सांगितले: आता दोघांनी काय घेतले ते कुणालाच सांगता येणार नाही. उद्या साखर उतरली काय, चढली काय, डॉक्टरांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल. आणि त्या निष्कर्षावर पुढे बाकीचे रुग्ण विसंबतील.

"मंग नको सांगू ना बापा," काकू म्हणाल्या. "काढून टाकलं आमाले, तं सुईच आहे."

"मी सांगणार नाही, काकू. ते तुमचं आहे. पण चाचणी नीट झाली, असंही मला लिहिता येणार नाही."

काकांनी डब्याचे झाकण लावले. "मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. "डबा तिनं धरला, पण बाटल्या मी ओतल्या."

सकाळी काकूंनी डॉक्टरांसाठी पिशवीत मोसंब्या भरल्या. काकांनी त्यावर स्टीलचा डबा ठेवला.

"डबा कायले?"

"लागेल."

लोकलमध्ये पिशवी काकूंच्याच मांडीवर होती, आणि डब्याचे झाकण त्यांनी तळव्याने दाबून धरले होते.

दवाखान्यात काका खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानेच डबा टेबलावर ठेवून त्यांनी सगळे सांगितले. डॉक्टर अनघांनी झाकण उघडले, आत पाहिले, पुन्हा लावले.

"तुम्ही तपासणी विभागात होतात ना, काका? दोन लॉट कुणी एकत्र केले असते तर?"

"दोन्ही बाद. आणि करणाऱ्याची नोकरी गेली असती."

"इथं फक्त चाचणीतून नाव जातं. स्वस्तात सुटलात." मग त्या काकूंकडे वळल्या आणि आवाज बदलला. "द्या बोट. साखर मोजायला चाचणीत असावं लागत नाही."

साखर चढलेली होती. रक्ताचे मागचे अहवाल त्यांनी शेजारी ठेवले. आकडा सांगण्याआधीच काकूंनी पदर तोंडाला लावला.

"म्हंजे सुई."

"हो. आजपासून."

"माह्या बहिणीचा पाय..."

"वत्सलाताई, पाय सुईनं नाही गेला. सुईला उशीर झाला म्हणून गेला. मी तुमच्या बाबतीत उशीर करणार नाही."

मग काकांनी विचारले, "मला शिकवाल? मी देईन रोज."

इन्शुलिनचे पेन आले. सरावासाठी डॉक्टरांनी पिशवीतलीच एक मोसंबी घेतली आणि औषधाविना, कोरी सुई कशी धरायची ते दाखवले. काकांनी ती मोसंबी हातात घेतली. एवढी वर्षे दारूगोळा तपासलेला माणूस, पण पेन त्यांनी दोन्ही हातांनी धरले. पहिल्यांदा सुई तिरकी गेली. दुसऱ्यांदा बरी. काकू डोळे मिटून बसल्या होत्या, पण मधेमधे एक डोळा उघडून पाहत होत्या.

"अहो, ते फळ आहे. मी नाही. जरा हळू."

मग नव्या सुईने, खरे औषध भरून, डॉक्टरांच्या देखरेखीत काकांनी काकूंना पोटावर पहिले इंजेक्शन द्यायला घेतले.

"टोचा ना एकदाचं," काकू म्हणाल्या.

"टोचलं."

काकूंनी डोळे उघडले. काकांचेच डोळे भरले होते. "घे," त्या मला म्हणाल्या, "सुई मले अन् रडते कोण."

डॉक्टरांनी कॅप्सूल एका पाकिटात ओतल्या, डबा स्वतः धुतला आणि सरावाच्या मोसंबीसकट काकूंना परत दिला. "यात मेथी ठेवा. आणि जेवण चुकवू नका. मिसळायचं असेल तर पिठात मिसळा."

संध्याकाळी दोघे मला पुणे स्टेशनवर सोडायला आले. गाडी हलताना काकूंनी खिडकीतून तोच डबा हातात दिला.

दौंड गेल्यावर उघडला. पोळ्या होत्या, मेथीची भाजी होती, आणि वर कागदात गुंडाळलेली अर्धी मोसंबी. सालीवर सुईची बारीक भोके स्पष्ट दिसत होती, एक तिरके. उरलेली अर्धी खडकीत दोघांनी वाटून खाल्ली असणार, हे विचारायची गरज नव्हती.

वेल काम करतो की नाही, हे मला या प्रवासात कळले नाही. ते कळायला अजून वेळ लागेल आणि त्या निकालात ही दोन नावे नसतील. मोसंबी खाल्ली. जीभ आता ठिकाणावर होती. गोड लागली.

डबा घासून माझ्या टेबलावर ठेवला आहे. आमच्याकडे कुणाचाही डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात काय घालून न्यायचे, ते अजून ठरत नाही. साखरेचे काही चालणार नाही, एवढे नक्की.