डान्झिग सर

नव्या शहरासाठी आमची भातशेती गेली आणि त्याच जमिनीवर उठणाऱ्या इमारतींवर बाबा बिगारी म्हणून जाऊ लागले. आई पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. अशा घरातून मी बी.ए.ला गेलो आणि तिथे डान्झिग सर भेटले.

सर इतिहास शिकवत. नाव पोरांनी ठेवलेलं. दुसरं महायुद्ध आलं की सर डान्झिगपाशी अडकायचे. समुद्रकाठच्या त्या शहराला जर्मन लोक डान्झिग म्हणत, आमच्या इंग्रजी पुस्तकांतही तेच छापलेलं. पेपरात मात्र तिथल्या गोदी कामगारांच्या बातम्या ग्दान्स्क या पोलिश नावाने यायच्या. ‘ज्या काळाबद्दल बोलताय त्या काळचं नाव घ्या,’ हा सरांचा हट्ट. स्वतः मात्र एसटीतसुद्धा थांब्याचं जुनं नाव सांगून तिकीट मागत. कंडक्टर वैतागायचा.

एका चाचणीत मी लिहिलं, डान्झिगवाल्यांची शेतं घेऊन शेजारी ग्दान्स्क नावाचं नवं शहर वसवलं. सरांनी ते वर्गात वाचलं. पोरं हसली. कुठला रे तू, सरांनी विचारलं. बेलपाड्याचा, मी म्हणालो. शेतं गेलेल्या गावांतलंच ते.

“उत्तर चूक आहे, मार्क शून्य,” सर म्हणाले. “पण हसू नका. त्यानं घरासमोर बघितलं तेच लिहिलंय. आणि तू ऐक, शहर तेच. युद्धानंतर तिथली जर्मन माणसं घालवली, पोलिश आणली, नावही बदललं.”

दुसऱ्या वर्षाला बाबांनी मला साइटवर कायमचं लावायचं ठरवलं. कॉलेज बंद. मी सरांना सांगितलं, तसे रविवारी ते घरी आले. शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही बोलले नाहीत. गेलेल्या शेतांची नावं काय होती, एवढंच बाबांना विचारलं. बाबा सांगत गेले. कुठे पाणी साचायचं, कुठे वाल चांगला यायचा. चहा गार झाला.

“हे उद्या कोण लिहिणार?” सर म्हणाले. “तुम्ही नाही, मी नाही. याला शिकू द्या.”

बाबांनी गार चहा संपवला. मग म्हणाले, “पोटाला पन लागतं ना, सर. सकाळी कालेजात जाईल, दुपारशी साइटवर. नापास झाला तं मंग नाय.”

तसंच केलं. सिमेंटच्या हातांनीच वाचलं.

माझ्या निकालाआधीच सर निवृत्त होऊन मुलीकडे साताऱ्याला गेले. परत गाठ पडली नाही, ते वारल्याचंही उशिरा कळलं. मी इतिहास घेऊन दुसऱ्या वर्गात बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर.