खाऱ्या पाण्याचा चुना

आमच्या आतोबांच्या ताब्यात कुणी ताजमहाल दिला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला झावळ्यांची पडवी काढली असती, तिसऱ्या दिवशी दारावर शिंपल्यांचं तोरण लावलं असतं आणि चौथ्या दिवशी, "काय मास्तर, आता जरा घरासारखं दिसतंय की नाही?" असं मला विचारलं असतं. हे मी थट्टेनं लिहीत नाही. त्यांच्या घरात मी नऊ वर्षं राहिलो आणि त्या नऊ वर्षांत ते घर सलग दोन महिने एकसारखं दिसलेलं मला आठवत नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. काशीदच्या अलीकडे समुद्राला लागून त्यांची नारळी-सुपारीची लहानशी वाडी होती आणि वाडीत कौलारू घर होतं. त्याच गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा आत्यानं बजावलं, "आपलं घर असताना बाहेर खोली घेतलीस तर तंगडी मोडून ठेवीन." तंगडी शाबूत राहावी म्हणून मी त्यांच्याकडे उतरलो. माझ्या खोलीत खाट नेमकी कुठे आहे हे शाळेतून परत आल्याशिवाय मला कळत नसे. एकदा ती खिडकीखाली असे, एकदा दारामागे, आणि एका मार्गशीर्षात तर ती चक्क पडवीत होती, कारण माझ्या खोलीत भोपळे मांडून ठेवले होते. "पिवळा रंग भिंतीपाशी खुलतो," आतोबा म्हणाले. माझा रंग कुठे खुलतो याचा विचार त्यांनी केला नव्हता.

घर सजवायला पैसा लागतो हे त्यांना मान्यच नव्हतं. एक तर तो त्यांच्याकडे नव्हता, आणि असता तरी त्यांनी तो खर्च केला नसता. "विकत आणलेली शोभा दुकानदाराची," ते म्हणत, "आपण नुसते हमाल." त्यामुळे भरतीनं पुळणीवर जे जे टाकलं ते ते ओहोटीच्या आत आमच्या घरी पोचायचं. एका उन्हाळ्यात त्यांनी शंख ओवून माजघराच्या दाराला पडदा केला. खरोखर सुरेख झाला होता. संध्याकाळी मी वाचत बसलो होतो, तर वारा नसताना पडदा खुळखुळायला लागला. पाहतो तो पडदा हलतोय आणि थोडाथोडा वर चढतोय! चार शंखांतले खेकडे अजून आपापल्या बिऱ्हाडात मुक्कामाला होते. आत्यानं झाडू घेतला. आतोबा मधे आडवे झाले. "अगं, राहू दे त्यांना! जिवंत पडदा कुठल्या राजाकडे तरी आहे का?" पुढे शाळेच्या तपासणीला आलेले दिपोटीसाहेब चहाला आमच्याकडे आले आणि त्याच पडद्यात त्यांची पगडी अडकून राहिली. साहेब माजघरात, पगडी दारात. माझ्या बढतीचं पुढे काय झालं ते विचारू नका.

अलिबागच्या एका कापडदुकानातून ते ताग्यांवरची रंगीत चित्रं मागून आणत. हत्तीवरचे राजे, कमळातल्या देवी, छत्री घेतलेल्या मडमा. भाताच्या खळीनं ती सगळी माजघरात चिकटली. खळ झुरळांना आवडली आणि एका मडमेचं नाक त्यांनी सफाचट केलं. दुसऱ्या माणसानं चित्र काढून टाकलं असतं. आतोबांनी चमकीच्या कागदाची टपोरी नथ कापली आणि नाकाच्या जागी डकवली. "नाक गेलं म्हणून काय झालं? आता ती आपल्यातली झाली." आणि काय सांगू, दिवाळीला आलेल्या बायका त्या मडमेला हळदकुंकू लावून गेल्या.

माघ-फाल्गुनात पांढरे कांदे निघाले की त्यांच्या वेण्या ओटीवर टांगायचा सगळ्या गावाचाच रिवाज. आतोबांनी त्यांची कमान केली, दोन्हीकडे सारखी, मधे एक मोठ्ठा कांदा. आत्याला स्वयंपाकाला कांदे लागणारच. ती बिचारी डावीकडची वेणी हाताला येते म्हणून तिथलेच काढायची. आठ दिवसांत कमान एका बाजूला बोडकी दिसायला लागली आणि आतोबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी तोल सावरायला उजवीकडचे तेवढेच कांदे एकदम उतरवण्यात आले आणि ते आम्ही तीन दिवस खाल्ले. कांद्याची भाजी, कांद्याची कोशिंबीर, कांद्याचं पिठलं. चौथ्या दिवशी शाळेतली पोरं माझ्यापासून हातभर लांब उभी राहायला लागली.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण हा माणूस हे कुणासाठी करतो असा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. घरात माणसं दोन, मी धरून तीन. त्यांना मूलबाळ नव्हतं. पाहुणा आला तर वर्षाकाठी एखादा. एकदा भोपळे मांडताना मी विचारलंच. आतोबा हातातला भोपळा तसाच धरून म्हणाले, "मास्तर, गणपतीत दादा येतो ना."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. मुंबईला एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, गिरगावात बिऱ्हाड होतं. वर्षातून एकदा दादा, वहिनी आणि त्यांची तीन मुलं बोटीनं धरमतरला उतरून बैलगाडीनं येत. ते पाच दिवस घरात पाय ठेवायला जागा नसे आणि आतोबा जमिनीपासून वीतभर वरून चालत. बाकीचं सगळं वर्ष त्या पाच दिवसांची रंगीत तालीम होती, हे मला तेव्हा कळलं.

आणि एका चैत्रात दादांचं पत्र आलं. आतोबांनी ते वाचलं, मग मला वाचायला दिलं, जणू मी वाचल्यावर त्यातला मजकूर बदलणार होता. वहिनींना पावसातला प्रवास सोसत नाही, घर फार ओलं, गेल्या वर्षी धाकट्याला तिथून तापातच घेऊन आलो, तेव्हा यंदाचा गणपती शेवटचा, जाताना पाट बरोबर नेऊ आणि पुढल्या वर्षापासून मुंबईलाच बसवू, असं लिहिलं होतं. गणपतीचा पाट त्यांच्या घरात आजोबांच्या आधीपासूनचा. दर नागपंचमीला तो मूर्ती करणाऱ्याकडे पोचवायचा आणि मूर्ती त्याच पाटावर बसून घरी यायची. पाट ज्या घरात, गणपती त्या घरात, आणि गणपती ज्या घरात, तिथेच सगळ्यांनी जमायचं. पाट गेला म्हणजे सगळंच गेलं.

"घर ओलं म्हणतो," आतोबा म्हणाले. "असं पांढरंफेक करतो की ओल लाजून पळाली पाहिजे."

चुना शिंपल्यांचा, थळकडच्या एका कोळणीनं भाजून आणलेला. पण वैशाखात विहिरीनं तळ गाठला होता आणि पाणी सुपाऱ्यांना पुरत नव्हतं. आत्या विहिरीशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "भिंतीला पाजायला माझ्याकडे एक कळशी नाही." आतोबांनी समुद्राकडे पाहिलं. एवढं पाणी, तेही फुकट, तेही दारात! हंडे भरभरून ते वर आणायला लागले तेव्हा कोळणीनं कपाळाला हात लावला.

"काका, खाऱ्या पान्यान चुना नाय भिजवीत. भिंत घाम गालंल."

"अगं, खारं म्हणजे टिकाऊ. समुद्रातले मासे कधी नासलेले पाहिलेस?"

"जिते नाय नासत, काका. मेले का नासतान."

आतोबांनी हा मुद्दा विचारात घेतला नाही. घर असं पांढरं झालं की दुपारी ओटीवर डोळे मिटून बसावं लागे. आतोबा रोज जरा लांब जाऊन घर बघून येत आणि आत्याला सांगत, "पुळणीवरूनसुद्धा दिसतं."

मग पाऊस लागला आणि भिंती घामाघूम झाल्या. आधी कोपरे काळवंडले, मग मधेच टिकल्या उमटल्या, मग टिकल्यांचे ठिपके आणि ठिपक्यांचे मोठाले डाग झाले. श्रावण अर्धा झाला तोवर भिंतीवर हात ठेवला की पंजा ओला व्हायचा. मी आतोबांना त्या घरात प्रथमच स्वस्थ बसलेलं पाहिलं. दोन दिवस त्यांनी काहीही हलवलं नाही. माझी खाट जागच्या जागी होती आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही. आत्या मला हळूच म्हणाली, "तू तरी काहीतरी बोल रे त्यांच्याशी." मी आपली खाट उगाच खिडकीखाली ओढली आणि परत होती तिथे नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर आतोबा स्टुलावर उभे, एका हातात कोळसा, दुसऱ्या हातात गेरूची वाटी. ओटीवरच्या सगळ्यांत मोठ्या डागाला त्यांनी सोंड काढली होती. "हत्ती होताच तो, मास्तर. मी नुसता दाखवला." त्यानंतर काय विचारता! जिथे डाग तिथे जनावर. भिंतीभर मोर, ससे, कासवं, गलबतं. पंचाईत एवढीच की डाग वाढत होते. सोमवारचा ससा गुरुवारी गाय झाला. एका मोराचं पोट इतकं सुटलं की त्याचा शेवटी नगारा करावा लागला. आत्या रोज सकाळी दार उघडून विचारी, "आज कोण कोण आलंय?"

गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी दारात लागली. दादा उतरले. कोट, उपरणं, काठी, सगळं व्यवस्थित. ओटीवर आले आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. "ही काय कळा केलीस रे घराची?" एवढंच म्हणाले आणि आत गेले. वहिनींनी भिंतीला बोट लावून पाहिलं, पदराला पुसलं आणि धाकट्याला गुंडाळून घेतलं. आतोबा माझ्याकडे वळून हसल्यासारखं करून म्हणाले, "हत्ती जरा नीट जमला नाही."

जेवणं झाली. दादा माजघरात घोंगडीवर आडवे झाले. मी दाराशी पेपर तपासत होतो, आतोबा गणपतीच्या वर टांगलेल्या माटवीच्या चौकटीला कवंडळाची लाल रानफळं बांधत होते. दादा छताखालच्या एका डागाकडे बघत म्हणाले, "हे काय काढलंयस?"

"उंट."

"उंट? जन्मात उंट पाहिलायस? ती होडी आहे. उलटी."

"उलटी होडी कशाला कोण काढील? उंटच आहे. हे बघ मदार."

"मदार कसली डोंबलाची! तो कणा आहे होडीचा." दादा उठून बसले. "आण तो कोळसा इकडे."

पन्नाशीतला तो हुद्देदार माणूस स्टुलावर चढला. कोट खुंटीला, बाह्या वर. खालून आतोबा ओरडत होते, "मान खोडू नको, मान खोडू नको!" आणि वरून दादा, "मान नाही, वल्हं आहे ते, गाढवा!" मुलं धावत आली आणि त्यांनी एकेक डाग वाटून घेतला. चहा घेऊन आलेल्या वहिनी बघतच राहिल्या. मग दादा स्टुलावरून न उतरताच म्हणाले, "गोवर आला होता तेव्हा आपण दोघं इथेच पडलो होतो. आठवतं? आई ह्याच भिंतीवर बोट ठेवून गोष्ट सांगायची. डाग बदलला की गोष्ट बदलायची." आतोबा म्हणाले, "मला वाटलं तू विसरलास." मी पेपरांत तोंड घातलं. वहिनींनी डोळ्याला पदर लावला, त्याच पदराला भिंतीचा चुना होता, तो त्यांच्या गालाला लागला आणि धाकटा खो खो हसला.

पण पाटाचं कुणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी विसर्जन झालं. आतोबांनी पाट समुद्राच्या पाण्यानं धुतला, वाळवला, आपल्या जुन्या धुतलेल्या धोतरात नीट गुंडाळला आणि दादांच्या ट्रंकेपाशी नेऊन ठेवला. पत्राच्या उत्तरात 'न्या' म्हणून शब्द दिला होता, तो पाळला. सकाळी गाडी भरली. ट्रंक चढली, वळकट्या चढल्या, नारळांचं पोतं चढलं. गाडी हलली तेव्हा पाट ओटीवरच होता. आत्या तो उचलून मागे धावली, "भावोजी, पाट राहिला!"

दादांनी गाडी थांबवली. "राहू दे," म्हणाले. "होडीला अजून शीड काढायचं आहे, ते पुढल्या वर्षी." मग आतोबांकडे वळून दरडावल्यासारखं म्हणाले, "आणि हे बघ, चुना खाऱ्याच पाण्यात भिजवायचा."

त्यानंतर विहीर तुडुंब असली तरी वैशाखात हंडे समुद्रावर जायला लागले. होडीला शीड मात्र कधीच निघालं नाही. दर वर्षी डाग सरके आणि दादा म्हणत, "पुढल्या वर्षी बघू."

पुढे माझी बदली पेणला झाली. दोन वर्षांपूर्वी आतोबा गेले. पन्हळीखाली शिंपल्यांची नक्षी करत होते, तिथेच बसल्या बसल्या गेले. गेल्या वैशाखात मी आत्याला भेटायला गेलो, तर पुळणीकडून एक म्हातारा गृहस्थ खांद्यावर हंडा घेऊन, धापा टाकत येत होता. दादा. पेन्शन घेऊन वहिनींसह तिथेच राहायला आले होते. मी पुढे होऊन हंडा उतरवून घेतला आणि म्हटलं, "दादा, विहिरीला चांगलं पाणी आहे की. ह्या वयात हे कशाला?"

ते ओटीच्या पायरीवर टेकले, घाम पुसला. "गोड्या पाण्यानं भिंती कोऱ्या राहतात हो, मास्तर," ते म्हणाले. "मग पावसाळाभर आम्ही बघायचं काय?"

ओटीवर आणखी एक रिकामा हंडा होता. मी चपला काढल्या, तो उचलला आणि पुळणीकडे निघालो.