परक्या पाण्यातला एक तास

हॉटेलच्या तलावावर जायचे नियम सरांनी स्वतःच केले होते आणि बायकोकडून घोकून घेतले होते. मागच्या दारानं कधीच जायचं नाही. मागच्या दारानं शिरणाऱ्याला लोक हटकतात, पुढून येणाऱ्याला दार उघडून देतात. कपडे इस्त्रीचे हवेत. काउंटरवरच्या मुलीकडे बघून हसायचं, पण थांबायचं नाही. टॉवेल घरचा न्यायचा, तोही पांढरा, म्हणजे लांबून हॉटेलचाच वाटेल. छत्रीखालच्या आरामखुर्च्या पाहुण्यांच्या. आपण भिंतीलगतच्या बाकावर बसायचं. पाहुण्यांचं एखादं मूल पाण्यात उतरलं तर काठाला सरकायचं, आणि दोनापेक्षा जास्त माणसं आली तर निमूट बाहेर यायचं. आपणहून कुणाशी बोलायचं नाही. कुणी बोललंच तर हवापाण्याचं बोलायचं.

"आणि खोली नंबर विचारला तर?" बायकोनं विचारलं होतं. तिला बोलायला वेळ लागायचा. 'खोली' आणि 'नंबर' यांच्यामध्ये बाहेरून एक अख्खी बस निघून गेली.

"कोण विचारतंय," सर म्हणाले. या एका प्रश्नासाठी त्यांच्याकडे नियम नव्हता.

सर म्हणजे पोहण्याचे सर. नगरपालिकेच्या तलावावर त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं. निम्म्या शहराला त्यांनी पोटाखाली हात धरून तरंगवलं होतं. ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी तलावाला भेगा गेल्या, पाणी टिकेना. दुरुस्तीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असतानाच कुणीतरी तो मातीनं भरूनही टाकला. सरांनी दोन अर्ज केले, एका साहेबांना भेटले, साहेबांनी चहा पाजला, आणि प्रकरण तिथंच मिटलं. भांडण हा सरांचा पिंडच नव्हता.

बायको कोर्टात टंकलेखक होती. साक्षीदाराचं वाक्य संपायच्या आत तिच्या कागदावर उतरलेलं असायचं. निवृत्तीनंतर एका सकाळी दात घासता घासता तिच्या हातातून ब्रश गळून पडला आणि तिला तो उचलता येईना. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यातून महिनाभरानं घरी आणली तेव्हा ती भिंत धरून, पाय ओढत, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जेमतेम जाई.

"पाण्यात चालवा त्यांना," डॉक्टर म्हणाले. "पाण्यात अंगाचं वजन उतरतं, पायाला धीर येतो. पण वेळ घालवू नका. पहिल्या वर्षभरात येईल तेवढं येईल. पुढं फार आशा धरू नका."

सर क्लबात गेले. तिथं सभासदत्वाची रांग सात वर्षांची होती. एका मोठ्या शाळेत तलाव होता, तो फक्त विद्यार्थ्यांसाठी. शहराला पोहायला शिकवलेल्या माणसाला छातीएवढं पाणी मिळेना. शेवटी त्यांना बेडूक भेटला.

बेडूक हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात तलावावर जीवरक्षक. आठव्या वर्षी सरांकडे आला तेव्हा पाय सरळ मारायला सांगितले की हा दुमडून घ्यायचा. तेव्हा पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्याला दोन मुली होत्या, टक्कल पडायला लागलं होतं, तरी सर त्याला बेडूक म्हणत आणि तो ओ देई.

"दुपारी दोन ते तीन तलावावर चिटपाखरू नसतं, सर," तो म्हणाला. "पाहुणे जेवून झोपतात. काकूंना घेऊन या."

"हे बरोबर नाही रे."

"बरोबर नाहीच," बेडूक म्हणाला. "सोमवारपासून या."

पहिल्या दिवशी बायको पायरीवरच अडून बसली. साठी उलटलेल्या बाईनं पोहण्याचा पोशाख घालून परक्याच्या हॉटेलात उतरायचं, म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बेडूक पाठ करून जाळीनं पानं काढत राहिला. सरांनी तिच्या काखेत हात घातले आणि मागं मागं चालत तिला पाण्यात घेतलं. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा तिचा चेहरा बदलला. उजवा पाय तळाला लागला होता आणि तो मुडपत नव्हता.

"उभी आहे," ती म्हणाली.

"उभीच आहेस."

त्यानंतर अकरा आठवडे ती दोघं रोज गेली. उथळ बाजूला एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तिची चौदा पावलं होत. आधी सरांचे दोन्ही हात धरून, मग एक, मग नुसतं एक बोट. नवव्या आठवड्यात ते बोटही सुटलं. घरी ती आता स्वयंपाकघरापर्यंत जाऊन ओट्याला टेकून चहा टाकू लागली. अर्धा चहा उतू जायचा. सर ओटा पुसायचे आणि उरलेल्या चहाला नावं ठेवायचे. ती चिडायची. चिडली की शब्द भराभर सुटायचे, म्हणून तर सर नावं ठेवायचे.

दहाव्या आठवड्यात तो पाहुणा आला. पन्नाशीचा, गोलमटोल, कुठल्याशा कारखान्यात यंत्र बसवायला आलेला इंजिनियर. मुक्काम पंधरा दिवसांचा. तो रात्रपाळीला असे, त्यामुळे दुपारी उठून पोहायला येई. पोहायला म्हणजे काय, मान वर काढून, डोळे फाडून, दोन्ही पायांनी पाण्यात लाथा हाणत सहा हात जायचा आणि कठडा पकडून धापा टाकायचा. सर पहिल्या दिवशी तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी तो खोल पाण्याच्या दोरीशी गेला, घाबरला, नाकातोंडात पाणी जाऊन परतला, आणि सरांच्या तोंडून निघून गेलं:

"मान खाली घाला हो. मान वर म्हणजे पाय खाली, साधा हिशोब आहे. आणि गुडघ्यातून नको, पाय कमरेतून हलवा."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं. बेडकानंही बघितलं. पण इंजिनियरनं मान खाली घातली, पाय कमरेतून हलवले, आणि एका दमात अर्धा तलाव गेला. वर आला तेव्हा लहान पोरासारखा हसत होता.

"तुम्ही शिकवता की काय?"

"शिकवायचो."

"कोणत्या मजल्यावर उतरलाय?"

सरांनी आभाळाकडे बघितलं. "आज ऊन जरा कमी आहे, नाही?" ते म्हणाले.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "नियम... तुम्हीच... केलेत."

"उद्यापासून गप्प," सर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा श्वास चुकत होता, तिसऱ्या दिवशी हात. आठवड्याभरात त्यानं दोरी ओलांडली. बायको एकटीच चौदा पावलं मोजत होती आणि सर पलीकडच्या काठावर उकिडवे बसून एका अनोळखी माणसाला "शाब्बास" म्हणत होते. इतक्या वर्षांत त्यांना एवढं बरं वाटलं नव्हतं, हे त्यांनी नंतर स्वतःशीच कबूल केलं.

इंजिनियर भला माणूस होता, आणि तेच नडलं. जाताना त्यानं मॅनेजर बाईंना भेटून हॉटेलची तोंड भरून स्तुती केली. पन्नास वर्षांत कुणाला जमलं नाही ते तुमच्या पोहण्याच्या सरांनी आठवड्यात करून दाखवलं, म्हणाला. हॉटेलात पोहण्याचे सर नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मॅनेजर बाई तलावाच्या दारात उभ्या होत्या. तिशीच्या, शांत, हातात फाइल. बायको पाण्याच्या मध्यावर होती. बाईंनी तिची फेरी पुरी होऊ दिली, ती बाहेर येईपर्यंत थांबल्या, बाकावरचा टॉवेल स्वतः उचलून तिच्या खांद्यावर टाकला. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "आपला खोली नंबर सांगता का?"

"आम्ही पाहुणे नाही," सर म्हणाले. "पण या तुमच्या जीवरक्षकाला ते माहीत नव्हतं. मी याला खोटं सांगितलं होतं."

"मीच बोलावलं यांना," बेडूक म्हणाला.

"तू गप्प बस," सर त्याला म्हणाले.

"सर, दारावर कॅमेरा आहे," बाई हळूच म्हणाल्या. "अकरा आठवडे तुम्ही जीवरक्षकाला हात करून आत येताय." त्यांनी आवाज चढवला असता तर सरांना सोपं गेलं असतं. "मला तुमचं कळतं. पण तुमच्या पत्नीला इथं काही झालं तर विमा कंपनी मला विचारेल, ही बाई कोण. मी काय सांगू?"

बेडकाला त्याच संध्याकाळी कामावरून कमी केलं.

आठवड्यानं सरांना फोन आला. मॅनेजर बाईच होत्या. जीवरक्षकाची जागा रिकामी आहे, म्हणाल्या, आणि पाहुण्यांना शिकवणारं कुणी मिळालं तर हॉटेलला हवंच आहे. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "पगार नको. बायकोला रोज एक तास पाण्यात उतरू द्या."

"कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना तलाव वापरता येत नाही, सर. ते माझ्या हातात असतं तर एवढं झालंच नसतं."

"मग राहू द्या."

बायको पलंगावरून ऐकत होती. "घ्या ना... नोकरी," ती म्हणाली. "घरी बसून... मला... बघत राहता."

"ती बेडकाची जागा आहे."

"त्याची... आता... कुठंय?"

सर दुसऱ्या दिवशी बेडकाच्या घरी गेले. तो एका गोदामात खोकी बांधायला लागला होता. नुकताच येऊन जेवायला बसला होता, मनगटांवर चिकटपट्टीचे ओरखडे. त्यानं सरांना खुर्ची दिली, धाकट्या मुलीला पाणी आणायला सांगितलं. नोकरीचं ऐकल्यावर म्हणाला, "घ्या तुम्ही. तुम्ही नाही घेतली म्हणून ती माझी राहणार थोडीच."

"मी घेणार नाही."

"बरं." तो जेवत राहिला. ताट बाजूला सारल्यावर मात्र त्यानं मान वर केली. "सर, एक विचारू? तुम्ही त्या माणसाशी बोललात कशाला?"

सरांनी खूप शोधलं. "त्याचे पाय चुकत होते," ते शेवटी म्हणाले.

बेडूक दारापर्यंत पोचवायला आला, वाकून नमस्कारही केला. त्यानंतर सरांना त्या घरी जायचं धाडस झालं नाही.

सरांनी घरी व्यायाम सुरू केले. पलंगावर पाय वर, पाय खाली, घोटा गोल. पण पाण्याबाहेर तो पाय शिशासारखा जड. एकदा सर दूध आणायला गेले असताना ती स्वयंपाकघरात पडली. हाड मोडलं नाही, उमेद मोडली. त्यानंतर ती भिंत सोडेना, मग पलंग सोडेना. डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलू लागले.

डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष भरायला थोडे दिवस होते, तेव्हा सरांनी कुणाला न विचारता त्या हॉटेलात एका रात्रीसाठी खोली घेतली. पुढच्या दारानं चाकाच्या खुर्चीतून बायकोला आत नेलं, काउंटरवर थांबले, नाव लिहिलं, सही केली. मॅनेजर बाईंनी स्वतः येऊन स्वागत केलं आणि खोलीत फळं पाठवली. तलावावर नवीन जीवरक्षक होता. त्यानं छत्रीखाली दोन खुर्च्या मांडून दिल्या. सर म्हणाले, "बघ, आज आपलं आहे सगळं."

दोघांनी मिळून तिला पाण्यात उतरवलं. पाणी छातीपर्यंत आलं. सरांनी तिला सरळ धरलं आणि वाट बघितली. उजवा पाय तळाला लागेना. तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा वर तरंगत येत होता. सरांनी बुडी मारून दोन्ही हातांनी तो तळाला टेकवला, दाबून धरला, श्वास संपला तसे वर आले. पाय त्यांच्याबरोबर वर आला. त्यांनी पुन्हा बुडी मारली. चौथ्या वेळी वर आले तेव्हा ती त्यांच्याकडे बघत होती. रडत नव्हती.

"पुरे," ती म्हणाली. "गार... आहे."

पाणी गार नव्हतं.

वर खोलीत येऊन ती छताकडे बघत पडून राहिली. फळं तशीच होती. चार वाजता सर म्हणाले, "आणखी एकदा उतरायचं का? नऊपर्यंत चालतं म्हणे." तिनं नाही म्हणून मान हलवली. पाच वाजता त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी तिनं मानही हलवली नाही. अंधार पडायच्या आत त्यांनी पिशवी भरली.

"रात्र राहणार नाही?" काउंटरवरच्या मुलीनं चावी घेत विचारलं. "काही गैरसोय झाली का?"

"छे, छे," सर म्हणाले. "सगळं अगदी व्यवस्थित होतं."

बाहेर टॅक्सीवाल्यानं दार उघडलं. सरांनी बायकोला आधी बसवलं, मग खाली वाकून तिचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. पलीकडून जाऊन तिच्या शेजारी बसले आणि घरचा पत्ता सांगितला.