सबब अनावश्यक

यवतमाळच्या आमच्या सरकारी कचेरीत टेलिफोन बोर्डावर एक ताई होत्या. जन्मापासून आंधळ्या. रोज कळंबहून एसटीने येत आणि माझ्याआधी पोहोचत, याचा मला रागच यायचा. कारण मी बडा बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आणि राहायला कचेरीच्या मागच्याच गल्लीत. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत फोन दिवसभर वाजत. मुंबईला आकडे हवे असत, गावांना उत्तरं. ताई आवाजावरून माणूस ओळखत. "राळेगावची बाई पुन्हा आहे, साहेब. तीन दिवसांपासून फोन लावून राह्यली. आज तं बोलून घ्या," असं त्या साहेबांना बिनधास्त सांगत, आणि साहेब बोलतही.

मग संगणक आले. रोजचे अहवाल त्यांच्यावरून जाऊ लागले, साहेबांच्या टेबलावर थेट लाइनी आल्या आणि ताईंचा बोर्ड मुका होत गेला. त्या रडत बसल्या नाहीत. रजा काढून नागपूरला महिनाभर शिकून आल्या आणि अर्ज घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, ते एका संगणकावर घालून द्या. गावांकडून येणारी निवेदनं मी टाइप करीन, असं त्यांचं म्हणणं.

"तुमाले कायले तो ताप?" मी म्हणालो. "बसा आरामात. पगार तं चालूच आहे."

"मले काम येते, बडे बाबू. दाखवू का?"

संगणकाची खोली तेव्हा देवघरासारखी होती. आत थंड हवा, दाराला पडदा, चपला बाहेर. ताईंनी चपला काढल्या. मी म्हणालो, काठीही बाहेरच ठेवा, धूळ येते. काय ही अक्कल! त्या भिंत चाचपत आत आल्या आणि टेबलाचा कोपरा त्यांच्या कमरेत बसला. "काही नाही," म्हणाल्या. त्यांनी आणलेली सॉफ्टवेअरची सीडी मी घालू दिली नाही. व्हायरस येईल म्हणालो. व्हायरस म्हणजे काय, हे मला आजही धड सांगता येणार नाही. तरी त्या खुर्चीत बसल्या आणि आपलं नाव, गाव, हुद्दा भराभर टाइप केला, दहाही बोटांनी. मी तेव्हा एका बोटाने माझं नाव उमटवेपर्यंत चहा गार होत असे.

खरं सांगायचं तर तिथेच माझं डोकं फिरलं. त्यांच्याबद्दलची दया वगैरे सगळं वरवरचं. आतून मला लाज वाटली होती, आणि त्या लाजेचा राग मी अर्जावर काढला. टिप्पणी लिहिली: "सदर कर्मचाऱ्याकडे संगणकाचे कोणतेही काम नाही, सबब मागणी अनावश्यक." साहेबांनी न वाचता सही केली. काम नाही म्हणून सॉफ्टवेअर नाही, सॉफ्टवेअर नाही म्हणून काम नाही. असा बिनतोड कागद लिहिल्याबद्दल मी त्या दिवशी स्वतःवर खूश होतो.

ताई निवृत्तीपर्यंत रोज येत राहिल्या. सकाळी बोर्डापुढे बसायचं, संध्याकाळी उठायचं. कधी फोन वाजलाच तर त्यांचा हात इतक्या घाईने पुढे जायचा की मी मान वळवून घ्यायचो. तो अर्ज पुन्हा काढावा, असं कितीदा मनात आलं. पण मग आपलंच लिहिलेलं खोडावं लागलं असतं, आणि तेवढं मोठं मन माझं नव्हतं.

निरोपाच्या दिवशी भाषण अर्थातच माझ्याकडे. शाल-श्रीफळ झालं आणि मी ठोकून दिलं, "गेल्या कित्येक वर्षांत ताईंच्या हातून एकही चूक झाली नाही!" टाळ्या पडल्या. ताई उठल्या, खुर्चीची पाठ धरून माझ्या आवाजाच्या दिशेला वळल्या.

"चूक कराले बी हाती काम लागते, बडे बाबू."

लोकांना तो विनोद वाटला. पुन्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.