उन्हाची पाटी

"ताई गेली. तव्यावर पोळी असेल तर ती उतरवून या," एवढंच सुमतीताईंचे धाकटे भाऊ, दामूदादा, दारात उभे राहून म्हणाले. मरणाची बातमीसुद्धा त्या घरातली माणसं अशीच देणार... मी पोळी उतरवली, स्टोव्ह बंद केला आणि गेले.

शेजारच्या ताई मराठी, पण कलकत्त्यातच जन्मलेल्या, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवऱ्याच्या गोदीतल्या नोकरीमुळे मी साताऱ्याकडून खिदिरपूरला आले, तेव्हा माझी शाळा सहावीतच सुटलेली होती आणि ट्राममध्ये चढायलाही कुणीतरी सोबत लागायचं. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "शिक्षण सहावी, पण घाबरण्यात एम.ए. झालेली दिसतेस." मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावून पुढ्यात सातवीचं पुस्तक टाकलं. आज हे लिहिता येतंय ते त्यांच्यामुळे. म्हणूनच पुढचं लिहायला जीव घाबरतो.

दामूदादा एका प्रयोगशाळेत होते. तिथल्या नापास ठरलेल्या, उन्हापासून वीज करणाऱ्या निळ्या चकत्या काचेखाली जोडून त्यांनी दोन पाट्या केल्या होत्या. पाटी दिवसभर उन्हात ठेवली की बॅटरी भरायची आणि संध्याकाळी दिवा लागायचा. त्यातली एक ताईंनी बराकपूरच्या पुढच्या एका खेड्यात नेली. तिथे विजेचे खांबच पोचले नव्हते. दर रविवारी त्या शिकवायला जायच्या आणि मी पिशवी धरून मागे. पोरं त्यांना दीदीमणी म्हणायची. एरवी रोज संध्याकाळी पोरं त्या दिव्याभोवती गोल बसायची. पाटी उन्हाकडे फिरवायचं काम शेफालीचं. ती दहावीला होती. बापाने सांगून ठेवलं होतं, पास झालीस तर शीक, नाहीतर मुलगा बघून ठेवलाय.

परीक्षा तोंडावर असताना सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी तिकडे कुणी पुस्तकाला हात लावत नाही, सगळी पुस्तकं देवीच्या पायाशी. जिच्यामुळे अभ्यास होतो ती पाटी मग बाहेर कशी राहील? शेफालीने तीही मांडली. चंदन लावलं, फुलं वाहिली. आणि दुसऱ्या दिवशी चंदन निघावं म्हणून तळ्यावर नेऊन राखेने घासून लख्ख धुतली.

काचेच्या कडेने पाणी आत गेलं. रविवारी ताईंनी तारा जोडून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. सगळं गाव उभं होतं.

"दीदीमणी, मीच धुतली," शेफाली म्हणाली.

"ते दिसतंय. देवीला वाहिलीस, आता तिच्याकडेच उजेड माग," असं म्हणून ताईंनी मला दिवा आणि बॅटरी पिशवीत भरायला लावली. परतताना गाडीत मी कशीबशी म्हणाले, "ताई, घरी दुसरी पाटी आहे ना..."

"आहे. देणार नाही."

"परीक्षा झाली की परत आणू. पोरीचं लग्न लावतील हो."

"लावू देत. एकदा दया केली की माणसं जपायचं विसरतात. तू खिडकीबाहेर बघ."

शेफालीच्या घरातली एकुलती एक रॉकेलची चिमणी आईच्या चुलीपाशी लागायची. स्वयंपाक आटोपल्यावर ती तिच्या वाट्याला यायची, तीही तेल उरलं तर. शेफाली गणितात नापास झाली. लग्न झालं. आमंत्रण आलं, ताई गेल्या नाहीत. मात्र दुसरी पाटी त्या रोज सकाळी पुसायच्या आणि गच्चीत उन्हात ठेवायच्या. तारा कशालाच जोडलेल्या नसत. एकदा मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तर म्हणाल्या, "ऊन वाया जातंय असं वाटतंय? जाऊ दे."

तेराव्यानंतर दामूदादांनी पाटी, दिवा, बॅटरी सगळं माझ्या हाती दिलं. "घेऊन जा. नाहीतर मीही रोज गच्चीत जाऊन बसेन," म्हणाले.

मी शेफालीच्या सासरी गेले, पहिल्यांदा एकटी. तिथेही अजून खांब नाहीत. ती धान पाखडत होती. दीदीमणी गेल्याचं सांगितलं तर सूप थांबलं नाही. पाटी पुढे ठेवली तेव्हा थांबलं. तिने सूप खाली ठेवलं आणि हात पदराखाली घेतले.

"ही दुसरी पाटी?"

"हो."

"म्हणजे तेव्हाही होती..."

मी दिवा आणि बॅटरीही तिच्यापुढे ठेवली. मग तिने आपल्या लहान नणंदेला हाक मारली. पोर सातवीत असेल, दोन्ही हात फ्रॉकला पुसत आली.

"उचल. छपरावर ऊन पडतं तिकडे ठेव. कोरड्या फडक्याने पुसायची. पाणी लावलंस तर हात मोडून ठेवीन."

पोरीचे डोळे भरले.

"आणि रडायचं नाही," शेफाली सूप उचलत म्हणाली, "अजून काही बिघडलेलं नाही."