अंड्यांच्या खळग्यांतल्या गोळ्या

आमच्याकडे अंडी येत नाहीत, त्यामुळे फ्रिजच्या दारातल्या अंड्यांच्या खळग्यांत आत्याच्या उरलेल्या गोळ्या राहतात. आज दही काढताना पाहिलं, तर कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे. कशावर नाव नाही, कशावर तारीख नाही. आणि त्यांत ही नवी स्ट्रिपसुद्धा! माझं डोकंच फिरलं.

आत्याला लघवीचा जंतुसंसर्ग तिसऱ्यांदा झालाय. नेहमीची औषधं त्या जंतूंना आता लागूच पडत नाहीत. पोटातून घेण्यासारखी ही एकच गोळी उरलीय, सात दिवस घ्या, एकही वेळ चुकवू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. आज चौथा दिवस.

"अगं, जळजळ परवाच थांबली. मग उगाच पोटात औषध कशाला ढकलायचं? पुढच्या वेळी होईल की."

पुढच्या वेळी! उकळी आली म्हणजे डाळ शिजली असं नसतं, हे मला हिनेच शिकवलं. कच्ची डाळ ही कुणाच्या पानात वाढणार नाही, अर्धमेले जंतू मात्र खुशाल पोसणार. आपल्याला काही टाकवत नाही हेच खरं. आजारसुद्धा आपण थोडा उरवून ठेवतो.

मी डॉक्टरांना फोन लावणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारच्या मालतीकाकू, हातात वाटी.

"आत्यांनी काल दोन गोळ्या दिल्या होत्या ना, एकीतच कणकण गेली बघ," असं म्हणत त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "ही उरलेली. ठेव फ्रिजमध्ये."